सौरबंबाचं पाणी

सक्करदरा, नागपूर
१२ जानेवारी १९८५

माय, तुह्या पायावर डोकं ठेवतो.

मी मजेत आहो, मफलर बांधून राहिलो. सौरबंबानं घरोघरी किती लाकूड वाचते, ते मोजायचं माहं काम चालू आहे.

काल मोजणीच्या एका घरी पुष्पलताकाकू म्हणे, "बंब मस्त चालते." पण आंघोळीच्या पाण्याची चूल तर पेटलेलीच! "खोटं काहून सांगता?" मी तिच्या सुनांसमोरच बोललो. तेवढ्यात शेजारीण बादली घेऊन आली. बंबाचं सारं पाणी तिच्या बाळंतीण लेकीले जाते, अन् काकू घरच्यांसाठी लाकूड जाळते.

काकूनं मले चहा देल्ला. माह्यानं मान वर करवली नाही वं.

आपल्या उमरेडच्या गल्लीतल्या बाळंतिणींचं पाणी तू अजून आपल्याच चुलीवर तापवते न? लाकूड किती लागते, हे मी तुले कधी इचारलंच नाही.

तुहा,
लहानू