दोनदा जन्मलेल्या तुळजाबाईचं कादराबादचं घर

मी, तुळजाबाई, भ्रतार कै. पुंजाराम, वय बावन्न, धंदा रेडिओवर भांडणे, मूळ राहणार मौजे धावडा, तालुका भोकरदन, हल्ली मुक्काम कादराबाद, जालना, कोणाच्या दडपणाशिवाय व कसलीही नशा न करता (तंबाखू नशेत धरत नाहीत, असं वकीलसाहेबांचं मत पडलं) लिहून ठेवते की, मी आज रोजी जिवंत आहे. इतर लोक शुद्धीवर असल्याचं आधी लिहितात. मला जिवंत असल्याचं आधी लिहावं लागतं. कारण पुढे येईल.

कलम १. कादराबादचं दोन खोल्यांचं घर माझ्या स्वकष्टाचं आहे. ते गळ्याने मिळवलं, आणि गळाही काही गोड नव्हे. पुंजाराम वारले तेव्हा मी हेल काढून रडले, तर रडायला आलेल्या बायकाच तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मला फार वाईट वाटलं होतं. पुढे जालन्यात जिनिंगमध्ये कामाला लागले, तर तिथल्या बाया भाकरी खाताना म्हणायच्या, "तुळजाबाई, जरा रडून दाखवा न्हाई का." तसं रडत रडत मी गणपतीच्या मेळ्यात गेले. नाटकवाल्यांनी माझं तोंड पाहून परत पाठवलं. हैदराबादच्या रेडिओवाल्यांना तोंडाशी कर्तव्य नव्हतं, त्यांनी ठेवून घेतलं. खेळातल्या भांडखोर बाईला नाव सुचेना, म्हणून माझंच दिलं.

कलम २. रेडिओतला माझा नवरा कचरू यास माझं लाटणं द्यावं. इतकी वर्षं त्याला मारलं, पण प्रत्येक तडाखा मी माझ्याच मांडीवर ओढला, हे त्याने आता तरी लोकांना सांगावं. माइकसमोर भजी खायची सवय त्याने सोडावी.

कलम ३. माझ्या मरणाबाबत. चार वर्षांमागे एका खेळात मी नातेवाइकांची परीक्षा पाहायला मेल्याचं सोंग घेते, सगळे रडतात, आणि शेवटी मी उठून एकेकाला झोडपते, असं होतं. धावड्याच्या चावडीत सरकारी रेडिओ आहे, तो बॅटरीवर चालतो. मी मेले, कचरूने हंबरडा फोडला आणि बॅटरी उतरली. माझं उठणं धावड्यात कोणी ऐकलंच नाही.

माझा सख्खा भाऊ मच्छिंद्र याने सुतक धरलं. प्रेत नाही म्हणून पिठाची तुळजाबाई करून जाळली. तिचं नाक माझ्यापेक्षा बरं होतं म्हणतात. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. शिवेल कसा, मी हैदराबादेत पोटभर जेवत होते. मच्छिंद्रने नाना कबुल्या दिल्या, घर सांभाळीन, वर्षश्राद्ध घालीन. कावळा झाडावरच. शेवटी माझी भावजय इंद्रायणी पुढं आली. तिला चावडीच्या भिंतीमागं उभं राहून माझा खेळ ऐकताना हसली म्हणून चापट बसलेली होती. ती हात जोडून म्हणाली, "आक्का, कुणी कितीबी मारलं तरी मी हसायची सोडणार न्हाई." आणि कावळा आला.

तेराव्यानंतर मी जालन्याला आले, तर माझ्या दाराला मच्छिंद्रचं कुलूप. जाब विचारायला धावड्याला गेले, तर जोशीबुवांनी वेशीवरच अडवलं. जिचे दिवस झाले तिला पुन्हा जन्मल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. म्हणून मला गाईखालून काढलं, पाळण्यात घातलं (पाय बाहेरच राहिले) आणि पुष्पा असं नाव ठेवलं. बायकांनी पाळणा म्हटला. इंद्रायणीने झबलं शिवून आणलं होतं, ते गळ्यात अडकलं आणि ती इतकी हसली की मलाही आवरेना. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी असं बारसं कोणाचं झालं नसेल.

कलम ४. आता मुद्द्याचं. मच्छिंद्र दुसरी बायको करतो आहे. इंद्रायणीला मूल नाही, माहेरी कोणी उरलं नाही, आणि नवी आली की हिला गोठ्यात निजावं लागेल, हे तो स्वतःच बोलला आहे. माझा खोकला काही बरा होत नाही. हे ओळखून तो वकिलाला विचारून आला, "तुळजाबाई तर कव्हाच वारली. पुष्पा चार वर्षाची हाय, अज्ञान हाय. तिचा पालक मीच, मंग घर कुनाचं?" अक्कल बिलकुल बापावर गेली आहे. त्यावर माझं म्हणणं असं की, या पालकाने चार वर्षांत मला एकदाही खाऊ आणला नाही.

तरी वाद नको, म्हणून ज्या नावाने मी मेले आणि ज्या नावाने जन्मले, त्या दोन्ही नावांनी हे घर इंद्रायणीस देते. दोघींपैकी एक तरी खरी निघेल. घर तिच्या एकटीचं. तिथं तिने कडी लावून किंवा दार सताड उघडं टाकून, हवं तसं हसावं. मला मूल नाही. असतं तरी तिच्यापेक्षा जास्त जीव लावला असता असं वाटत नाही.

कलम ५. मच्छिंद्रला माझ्या दारावरून काढलेलं त्याचं कुलूप परत करावं. सोबत झबलं द्यावं, दुसऱ्या लग्नानंतर उपयोगी पडेल.

कलम ६. मी खरोखर मेले की आधी नाकाशी सूत धरून बघावं, मग रडावं. दहाव्याला मच्छिंद्रने कसलीही कबुली देऊ नये. इंद्रायणीनेही आता काही बोलू नये. तिने कादराबादच्या घराची किल्ली कमरेला खोचून घाटावर यावं आणि एकदा हसावं. तोवर मी कावळ्याला थांबवून धरते.

मुक्काम जालना, दिनांक १२ मार्च १९४८.

सही: तुळजाबाई, वय बावन्न
सही: पुष्पा, वय चार

साक्षीदार: कारभारी, दुकानदार, कादराबाद. दोन्ही सह्या एकाच बाईने माझ्यासमोर केल्या.

साक्षीदार: धुळाजी, टांगेवाला. अंगठा. सांगितलं तसं लिहिलं: बाई जित्या हायेत. आत्ताच माझ्याशी भाड्यावरून भांडल्या.