बातमी नाही

प्रिय मृणाली,

हे फोनवर सांगायला गेले असते तर तू मधेच "आई, पुरे" म्हणाली असतीस, म्हणून लिहितेय. सावकाश वाच.

बुरोंडीत हल्ली दुपारी समुद्र धुरकट दिसतो. पाणी कुठे संपतं नि आभाळ कुठे लागतं, कळत नाही. पडवीत आडवी झाले की डोळा लागतो आणि निलेश येतो. खांबाला टेकून जाळं विणत बसतो, केस ओले. कुठे होतास विचारलं तर मान वर करत नाही. चहा मात्र मागतो. जाग आल्यावरही थोडा वेळ मी साखर किती घालू याच विचारात असते. तुला हे कधी सांगितलं नाही. त्या वादळानंतर बोटीवरच्या दोघांचे देह किनाऱ्याला लागले, आपला निलेश लागला नाही, आणि तेव्हापासून 'गेला' हा शब्द आपण दोघींनी घरात येऊ दिला नाही. तुझ्या गळ्यातलं मंगळसूत्रही तसंच राहिलं.

गेल्या महिन्यात हरिश्चंद्र आला होता, तुला न सांगता. रत्नागिरीत तू कामाला आहेस त्या दुकानाजवळ राहतो, बोटींची इंजिनं दुरुस्त करतो म्हणाला. पाणी दिलं तर कितीतरी वेळ तांब्या हातात धरून बसला. त्याने तुझं नाव काढलं तेव्हाच त्याच्यावर रागवायचं मी ठरवलं, पण राग आलाच नाही. शेवटी म्हणाला, "मी त्यांना लग्नाचं विचारलं. त्या म्हणाल्या, आई आहेत तोवर नाही."

तो गेल्यावर वाळत घातलेले बोंबील उलटायचे राहून गेले. आई आहेत तोवर. म्हणजे तू मोकळी व्हायला मी मरायला हवं. तुझ्या मनात तसं नसणार, ठाऊक आहे मला. पण मी जिवंत असणं हेच कुणाची अडचण व्हावं, हे काही मला सोसवेना.

गावात म्हणतात, सून असावी तर मालनची. सुट्टी मिळाली की एवढ्या लांबून एसटीने येतेस, माझ्या गोळ्या आणतेस, डोक्याला तेल लावतेस. ते कौतुक ऐकून मला बरं वाटायचं. आता वाटतं, तू मायेने येतेस की लोक काय म्हणतील म्हणून, हे मला कळावं कसं? तुला तरी कळतं का? दाव्याला बांधलेली गाय गोठ्यात राहिली, तर तिला कुणी मायाळू म्हणत नाही. हसू नकोस, तुला गाय म्हणत नाहीये. माझ्या हातातल्या दाव्याचं बोलतेय.

म्हणून दापोलीला वकीलबाईंकडे गेले. त्यांनी समजावलं की सात वर्षं माणसाची काहीच खबर नसली तर कायदा त्याला मेलेला धरतो, मग बायको मोकळी. निलेशची सात तर कधीच उलटली. मी म्हटलं, तो मेला असं मी शपथेवर सांगणार नाही. त्या म्हणाल्या, तसं सांगायचंच नाही, बातमी नाही एवढंच सांगायचं. कागद वाचून दाखवला, पण सही करताना माझा हात अडला. खोटी शपथ तर होणार नाही ना?

"बाई, तो स्वप्नात येतो. ती बातमी धरायची का?"

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "ते तुमचं, मालनताई. कोर्ट ते विचारत नाही."

मी सही केली. बाहेर आले तर ऊन कलतं होतं, रस्ता पाण्यातून बघावा तसा हलत होता. रडू येत होतं, तरी अंग हलकं वाटत होतं. कायदा म्हणजे काहीतरी ओढून नेणारं, असं मला आजवर वाटायचं. त्याने माझ्याकडून खरं तेवढंच घेतलं. माझा मुलगा माझ्याकडे राहू दिला.

आता थोड्या दिवसांत तुला कोर्टाची नोटीस येईल. अर्ज करणारी म्हणून माझं नाव असेल. सासूने घरातून काढलं असं वाटून दचकशील, म्हणून नोटिशीच्या आधी हे पत्र. कोर्टात 'हरकत नाही' म्हण. पुढे हरिश्चंद्राशी लग्न करायचं की नाही ते तू ठरव, मला तो आवडला म्हणून करू नकोस. इथे यायचं की नाही तेही तूच ठरव. शेजारची हौसा माझ्या गोळ्या आणून देईन म्हणालीय. तुझ्यावाचून काही अडणार नाही, असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. अडेल. तेवढ्यासाठी येऊ नकोस. यावंसं वाटलं तर ये.

तुझीच,
मालन