लाल रेघांखालची बोली

रत्नागिरी, मंगळवार, संध्याकाळ

एखाद्याला अडवण्यात इतकी मजा असते, हे माहीत नव्हतं.

नाटे बंदरावर मासे विकणाऱ्या सुशीलामावशीवर मी मालिका लिहिली, तेव्हा तिच्या निर्मात्याने तिची सगळी बोली लाल रेघांनी खोडली होती. "ही भाषा कोणाला कळणार?" म्हणाला, आणि मालिकेतल्या मावशीला चक्क पुणेरी बोलायला लावलं. मालिका लागली आणि बंदरावरच्या बायका मावशीला चिडवायला लागल्या, "पुण्याला कधी गेलीस गो?" तिने टीव्हीच बंद करून टाकला. मला मात्र एक शब्द बोलली नाही. तेच जास्त लागलं.

आज त्याचा फोन. वाहिन्यांना स्थानिक बोलीतले कार्यक्रम दाखवायची सक्ती होणार म्हणे. "ताई, तुमचं ते जुनं लिखाण अगदी तसंच हवंय."

मी लाल रेघांसकट पानांचे फोटो पाठवले.

"रेघा काढून पाठवा ना."

"रेघा तुमच्या आहेत. नाटे बंदरावर या. मासळीचा लिलाव संपला की खोडलेलं एकेक वाक्य मावशीसमोर मोठ्याने वाचा. ती हो म्हणाली, तर घ्या."

येतोय. रविवारी.

मी दुष्ट झालेय का? थोडी झालेय.

मावशीला कळवलं. ती म्हणाली, "येऊंदे. आधी वाचूंदे, मग जेवूंदे." आणि फोन तसाच हातात धरून बंदरावर ओरडली, "गो बायांनो, रविवारी कोणी घरी जायचं नाय!"