स्वयंपाकघरातलं घड्याळ

प्रिय फियाक्रा,

आज क्लबच्या हॉलमध्ये तुला निरोप. सोळा वर्षं गेलिक फुटबॉल गाजवलंस, गौरवाचं भाषण बहिणीनंच करावं म्हणतात. मला नाही जमायचं.

तू सगळ्यांना सांगतोस, फायनलमधला तुझा शेवटचा पॉइंट रेडिओवर ऐकूनच आईनं प्राण सोडला. कप घेऊन आलास तेव्हा थांबवलेलं घड्याळ तू पाहिलंस: पाच वाजून दहा मिनिटं.

आई दुपारी एक वाजताच गेली रे, मॅच सुरू व्हायच्या आधी. माणूस गेलं की घरातलं घड्याळ थांबवायचं, त्या रीतीप्रमाणे मी ते तेव्हाच थांबवलं होतं. बाबा म्हणाले, "कळवू नकोस, पोराला खेळू दे. मॅच संपली की काटे पुढे कर." तुझा शेवटचा पॉइंट रेडिओवर ऐकून मीच स्टुलावर चढून केले.

तिचं जास्त झालंय हे सकाळीही तुला कळवलं नव्हतं. सकाळभर ती विचारत होती, "फियाक्रा घरी यायला निघाला का गं?"

आणि मी म्हणत होते, "निघाला, आई. पोचेलच."

तुझी ताई,
सोर्का