न निघणारा मळ

प्रिय शिवतेज,

फोनवर तू सगळंच हसण्यावारी नेतोस, म्हणून तिकडे पलटणीत पत्र धाडतेय. शुगरपायी अण्णांचा पाय घोट्यापासून काढावा लागला, हे तुला कळलंच आहे. दवाखान्यातून त्यांना सांगलीत, विश्रामबागेत माझ्याकडे आणलंय. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय मागितलं असेल? चहा, साखर जास्त घालून. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

आपल्या घराला देहाचा केवढा अभिमान! आजोबा तालमीतले, चुलते तर तिरके होऊन दारातून आत यायचे. कुणी काही बोललं की आईचं ठरलेलं, आमचं हाड थोराड आहे. अण्णांची मान आठवते? मागून काळी, जाड. आई ती न्हाणीतल्या खरखरीत वजरीनं घासायची, अण्णा कळवळायचे आणि आपण दोघं खिदळायचो. उसाच्या फडातला मळ, असंच सगळे धरून चाललो होतो.

तो मळ नव्हता रे. अण्णांच्या डॉक्टर मॅडमनी माझी मान पाहिली आणि रक्त तपासायला लावलं. मलाही शुगर निघाली. मग जनुकं तपासली. वजन आणि शुगर, दोन्हींचा धोका वाढवणारे बदल माझ्यात आहेत, बहुधा अण्णांकडून आलेले. तुझ्यातही असू शकतात. मॅडम म्हणाल्या, बी वाडवडिलांचं असतं, पाणी आपण घालतो. आणि मान अशी काळी पडणं ही बऱ्याचदा आधीची सूचना असते. तेव्हापासून मी घरातल्या फोटोंमध्ये नुसत्या माना बघत बसते. भीती वाटते.

परवा अण्णांचे कपडे आणायला कडेगावला गेले. न्हाणीत आई तुझ्या सृष्टीची मान वजरीनं घासत होती. काळ्यावर लाल उमटलं होतं, तरी हात थांबेना. नऊ वर्षांची पोर मुकाट रडत होती. मी म्हटलं, हिला तपासायला सांगलीला नेते. आई उसळली, "पोरीला शुगर हाय म्हणून गावभर झालं, तर उद्या तिला पदरात कोण घेणार?" तुझी बायको पोरीला पुसून आत घेऊन गेली. तुझ्या शब्दाशिवाय त्या घरात पोरीला बाहेर नेता येत नाही, म्हणून हे लिहितेय. निघताना सृष्टी माझ्या कानाशी आली. "आत्या, आज्जीनं घासून घासूनच आबांचा पाय गेला काय गं?" पत्र मिळताच घरी फोन कर. तिला माझ्याबरोबर पाठवायला सांग, आणि ती वजरी आधी फेकायला सांग.

वाट बघणारी, तुझीच
राजूअक्का