पडद्याच्या मागची जागा

माय, आज सावद्याहून परत आलो आणि पाणीसुद्धा न पिता लिहायला बसलो. सूनबाई म्हणते, आबा, आधी बीपीची गोळी घ्या, चेहरा बघा किती लाल झालाय. घेतो म्हटलं. छातीत धडधडतंय हे खरं, पण ही धडधड आजाराची नाही. सिनेमाच्या तंबूतले दिवे गेले की व्हायची तशी आहे. तरी मनात भीती आहेच, गोळीला उशीर केला आणि काही झालं तर? होऊ दे. आधी तुला सांगतो. माझं शिक्षण चौथीतच थांबलं हे तुला माहीत आहे, तेव्हा शब्द चुकले तर चालवून घे.

माझ्या डाव्या हातापासून सुरू करावं लागेल. घरात त्या हातानं घास उचलला की बाप असूनही दादा ताटच ओढून घ्यायचे. पंगतीत तर शेजारचा माणूस सरकून बसायचा. एका लग्नात वरण-बट्टी चुरत होतो, तर एक म्हातारा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "याच्या बाजूले कोनी बसू नका रे, पोऱ्याले कोनता हात कशाचा तेबी कळत नाही." सगळी पंगत हसली. शाळेत गुरुजींची पट्टी होतीच. डाव्या हातानं अक्षर काढलं की ते हमखास उलट्या तोंडाचं व्हायचं, आणि गुरुजी बोटांच्या पेरांवर मारून म्हणायचे, "हे कोणत्या देशातलं लिहिणं?" देवळात प्रसादाला डावा हात पुढे केला म्हणून थप्पड खाल्ली. सात-आठ वर्षांच्या मुलाला हे सगळं फार मोठं असतं, माय. मला वाटायचं, मी चुकून इथं जन्माला आलो आहे.

आणि मग तंबू यायचा! दिवाळीनंतर कोरडे दिवस लागले की गावाबाहेरच्या पडीत फिरता सिनेमा उतरायचा. दुपारपासून भोंगा वाजायला लागला की तू केळीच्या बागेतलं निंदणं भराभर उरकायचीस, भाकरी थापून झाकून ठेवायचीस आणि दिवेलागणीला माझा हात धरून निघायचीस. तो डावाच हात धरायचीस, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. आपण पुढं कधी बसलो नाही. पडद्याच्या मागं, जिथं खांबाचे दोर खुंट्यांना ताणलेले असायचे, तिथं पोतं अंथरायचं. मी विचारलं तर तू म्हणायचीस, "पुढं गडी बिड्या फुकतात, मले ठसका लागते."

मग पडदा उजळतो. आधी नावं येतात, आणि ती अक्षरं माझ्या पाटीवरच्या अक्षरांसारखी उलट्या तोंडाची! मला वाटतं, सिनेमावाल्यांच्या शाळेत असंच शिकवत असतील. मग हिरो येतो, डाव्या हातानं घोड्याचा लगाम धरतो, डाव्या हातानं तलवार उपसतो. राजा डाव्या हातानं हुकूम लिहितो. हिरोची आई त्याला जेवायला वाढते आणि तो डाव्या हातानं खातो, ताट कोणी ओढून घेत नाही! आणि तो देवाचा सिनेमा आठवतो का? ढगांतून देव खाली आला आणि डावा हात वर करून त्यानं आशीर्वाद दिला. मी पोत्यावरून उठून उभाच राहिलो. तू माझ्या पाठीत हळूच धपाटा घातलास आणि कानाशी म्हणालीस, "पाह्यलं ना? देवबी तुह्यासारखाच डावऱ्या हाये. आता बस खाली."

त्या रात्री मी भाकरी डाव्या हातानं खाल्ली. दादांनी ताट ओढलं तेव्हा मला रडू आलं नाही. मला वाटलं, यांना काय माहीत? हे कुठं सिनेमा बघतात!

पुढं काय झालं ते तुला माहीत आहे. शाळा सुटली. केळीच्या कापणीच्या टोळीत गेलो, तर मुकादम ओरडायचा, "ए डावऱ्या, तू त्या टोकाले उभा राह्य, नाहीतं कोनाचं मनगट नेशील." मग धुळ्याला तेलाच्या मिलमध्ये हमालीला गेलो. तिथं पहिल्यांदा पक्क्या थेटरात शिरलो. खुर्चीवर बसलोय, अंग शहारलंय. दिवे जातात, नावं येतात, आणि ती सगळी गुरुजींच्या फळ्यावरच्यासारखी सरळ! मग हिरो आला आणि त्यानं उजव्या हातानं तलवार उपसली. मी ताडकन उभा राहिलो. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ भाऊ, बसी जाय ना! पडदा काय तुना बापना शे का?" मी बसलो, पण सिनेमा काही दिसेना. मी एकोणीस वर्षांचा बाप्या, आणि डोळ्यांतून पाणी. कारण मला तेव्हाच सगळं कळलं, पडद्याच्या मागून आपण उलटं बघत होतो. तो एकटाच नाही, सगळेच हिरो उजवे होते. देवसुद्धा.

आणि लगेच दुसरा विचार आला, तुझा. तुला हे कळलं तर काय होईल? तुझ्याजवळ तरी दुसरं काय होतं? दादा तुझ्याशी पाणी मागण्यापुरतं बोलायचे. दिवसभर बाग, घरी आलं की चूल. वर्षातले ते पाच-सहा सिनेमे, त्यातच तू मोठ्यानं हसायचीस आणि पदर भिजेपर्यंत रडायचीस. म्हणून त्या वर्षी सुट्टीवर आलो, तंबू आला होता, तेव्हा मी मुकाट्यानं तुझ्याबरोबर पडद्याच्या मागं पोत्यावर बसलो. गावातले माझ्या वयाचे सगळे पुढं शिट्ट्या मारत होते. मिशा फुटलेला मी मागं, आईजवळ. हिरो आला. तू कोपरानं ढोसून म्हणालीस, "पाह्य, अजूनबी डावऱ्याच हाये." मी म्हटलं, "हो ना माय." तू खूप वेळ हसत राहिलीस. मला वाटलं, सिनेमातल्या विदूषकाला हसतेस.

त्यानंतर मी सिनेमा सोडला नाही. मिल बंद पडली त्या दिवशी हिशेब मिळाल्याबरोबर आधी थेटरात गेलो. पोराचं दुकान बसलं तेव्हा, माझी बायको, तुझी सून, वारली तेव्हा, डोकं भणभणलं की तिकीट काढायचं आणि अंधारात बसायचं. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला लाज नाही. आता पिंप्राळ्यात पोराकडे राहतो, तर सूनबाई मोबाईलवर तिकीट काढून मला गार हवेच्या थेटरात नेते. तिथं मला भीती वाटते, खुर्ची मागं कलंडते, वाटतं मोडली तर भरपाई मागतील. पण दिवे गेले की सगळं विसरतो. फक्त एक सल उठायचा, माय. मी तुला फसवलं. तू काहीच न कळता तशीच गेलीस, आणि मी कधी सांगितलं नाही.

आता आजचं ऐक! तुझ्याबरोबर निंदायला यायची ती शेजारची मावशी आजारी आहे असं कळलं, म्हणून सावद्याला गेलो होतो. खाटेवर पडून होती, पण तोंडाचा पट्टा आहे तसाच आहे. मला म्हणाली, "अजून शिनेमे पाह्यतो का रे? तुह्या मायले तं येडच होतं."

मी म्हटलं, "हो ना मावशी. पण तिला मागं बसावं लागायचं, बिचारीनं कधी सरळ सिनेमा पाहिला नाही."

"कोन म्हने मांगं बसवत? आमी साऱ्याजणी पुढंच बसो. दोरी बांधेल राहे, इकडे बाया, तिकडे गडी. तुही मायच एकली मांगं जाये तुले घेऊन."

"बिड्यांच्या धुरामुळं गं."

"धूर?" मावशी हसता हसता खोकायला लागली. "अरे, ती सोता रोज मशेरी भाजून लावे, तिले धुराचं काय! मी एकडाव हात धरून ओढलं तिले. म्हटलं, ये व इकडे, तिकून सारं उलटं दिसते. तं म्हने कशी, माहीत हाये मले. माह्या पोऱ्याले तसंच पाह्यजे."

माय! तुला माहीत होतं! मला तिथंच ओरडावंसं वाटलं. पडद्याच्या पुढं तुझी जागा होती, तुझ्या मैत्रिणी होत्या, आणि तू वर्षानुवर्षं दोरांमध्ये पोतं टाकून उलटा सिनेमा पाहिलास! एसटीत बसून सगळा रस्ता मी हाच विचार करत आलो, आणि हसत आलो. शेजारचा माणूस दोनदा म्हणाला, बाबा, तब्येत ठीक आहे ना? तू त्या वेळी इतकी का हसलीस हेही आज कळलं. विदूषक पडद्यावर नव्हता. तो तुझ्या शेजारी बसून "हो ना माय" म्हणत होता.

सूनबाई आत्ताच डोकावून गेली. "कोणाला एवढं पत्र, आबा?" मी म्हटलं, बँकेला. तिला काय सांगू? हे टाकायचं कुठं? घडी करून गोळ्यांच्या डब्याखाली ठेवीन.

एक सांगायचं राहिलं, आणि ते तुझ्यापासून लपवणं बरं नाही. मावशी नव्वदीची आहे. मी गेलो तेव्हा आधी तिनं मला आपला दीर समजून हाक मारली होती, मग माझं नाव सांगावं लागलं. आणि मी निघायला उभा राहिलो, तेव्हा ती कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "थांब रे, ते मांगं बसनं तुह्या मायचंच का? का त्या दुसरीचं, जिच्या पोराले..." मी तिला पुढं बोलू दिलं नाही. पायाला हात लावला आणि म्हटलं, मावशी, एसटी निघून जाईल.

एसटीला अजून पुष्कळ वेळ होता.