न विसळलेला कप

ताई,

तू भाजी घेऊन येईपर्यंत मी हॉटेलात जाऊन येतो. राहायला नाही, तुला न विचारता घेतलेली खोली रद्द करायला. तुला त्रास नको म्हणून घेतली होती. काल तसं सांगितलं तेव्हा तू कुकर असा आदळलास, की त्रास कशाला म्हणतात ते कळलं.

सगळी नोकरी परदेशात कुणाच्या अध्यातमध्यात न राहता काढली. तिथे हा गुण समजतात. तो सामानाबरोबर इथेही आला. तू चहा दिलास की आभार, पाणी दिलंस की आभार. "ढब्बू, मी बहीण आहे की खानावळवाली?" असं तू विचारलंस, त्यावरही मी सॉरी म्हणालो. दुखणं बरंच मुरलंय.

भावोजी गेले तेव्हाही तुला पाहुण्यांचा ताप नको म्हणून मी फुलं पाठवली, स्वतः आलो नाही. कुकर खरं तर तेव्हाच आदळायला हवा होता.

आज चहा पिऊन कप तसाच ओट्यावर ठेवलाय. अंथरूणही काढलेलं नाही. परत आलो की मनसोक्त ओरड. आभार मानणार नाही.

ढब्बू